आठ ठोकळ्यांचा घन : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

आठवीला विस्तार सूत्रं सुरू झाली की (अ + ब)³ = अ³ + ब³ हे उत्तर वह्यांमधून उगवतंच. फळ्यावर गुणाकार करून दाखवला, पाठ करून घेतलं, की परीक्षेपुरतं ते जातं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येतं. मधली दोन पदं कुठून येतात, त्यांच्यावाचून नेमकं काय अडतं, हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं. यंदा ते लाकडात करून दाखवायचं.

करायचं ते असं. आतून १० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशी पेटी आणि तिच्यात बरोबर मावणारे आठ ठोकळे. अ = ६, ब = ४. एक घन ६×६×६, तीन ठोकळे ६×६×४, तीन ६×४×४ आणि एक घन ४×४×४. घनफळं अनुक्रमे २१६, ४३२, २८८, ६४. बेरीज १०००. म्हणजे पेटी बरोबर एक लिटरची, मोजायचं माप प्रयोगशाळेत आहेच.

६ आणि ४ का? ५ आणि ५ घेतले तर आठही ठोकळे सारखेच होतात आणि सूत्र दिसेनासं होतं. ७ आणि ३ चालले असते, पण ३ सेंटिमीटरचा घन आठवीच्या मुलाच्या हातात हरवून जातो. ६-४ मधला फरक बघताक्षणी कळतो आणि लहान घनसुद्धा मुठीत भरतो.

१५ जून

ही पेटी मूळ इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींची. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांमधला हा घन साधारण चार वर्षांच्या मुलाच्या हातात येतो. तेव्हा त्यात बीजगणित नसतंच. मूल फक्त रंगाला रंग लावत घन जुळवतं. सूत्र येतं पुढे कित्येक वर्षांनी, आणि तेव्हा त्याचा आकार हाताच्या ओळखीचा असतो. माझी मुलं तेरा वर्षांची आहेत, ती मधली वर्षं आम्हाला मिळणार नाहीत. तरी आधी हात आणि मग सूत्र, हा क्रम सोडायचा नाही, एवढं ठरवलं आहे.

माँटेसोरींच्या आधी फ्रोबेल. बालवाडीचा हा जर्मन जनक तरुणपणी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांवर काम करत होता. स्फटिकाचा बाहेरचा आकार आतल्या रचनेतून येतो, हे तो रोज बघत होता. पुढे त्याने मुलांसाठी ज्या 'देणग्या' तयार केल्या, त्यांतली तिसरी म्हणजे आठ छोट्या घनांत कापलेला एक घन. आमच्या पेटीत अ आणि ब सारखे घेतले की नेमकी हीच देणगी हातात येते. ५-५ नको म्हणून मी जी बाजूला ठेवली, ती हीच.

याच देणग्या १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पकाराच्या आईने पाहिल्या आणि मुलासाठी घेतल्या. मेपल लाकडाचे ते ठोकळे अजून आपल्या बोटांत आहेत, अशा अर्थाचं राइटने म्हातारपणी लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे मद्रासला टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांमधून भूमिती मांडणारं पुस्तक काढलं. कल्पना कुठून सुचली, तर फ्रोबेलच्या कागद दुमडण्याच्या देणगीवरून, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. एका माणसाने लहान मुलांसाठी केलेल्या वस्तू. त्यांतून एकीकडे इमारती उभ्या राहिल्या, दुसरीकडे भूमितीचं पुस्तक झालं. वस्तू ही कच्च्या डोक्यासाठी असते, हुशार मुलाला तिची गरज नाही, असं शिक्षकांच्या खोलीत ऐकू येतं तेव्हा मला हे दोघे आठवतात.

२१ जून

लाकूड ठरवलं. सावंतवाडीच्या चितारआळीत खेळणी पांगाऱ्याची बघितली आहेत. हलकं लाकूड, कापायला सोपं, पण कोपरे लवकर दबतात. आपल्या कामात कोपरा गेला की काम गेलं. म्हणून सागवान, आणि तेही सुतारकाकांकडे पडून वाळलेले जुने तुकडे.

साधनांचा आयात केलेला महागडा संच मागवावा, असं एकाने सुचवलं. मला ते पटत नाही. माँटेसोरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या, त्याच्या कितीतरी आधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला होता. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला शिंपले, बिया, गोटे, पानं अशा आसपासच्या वस्तूंमधून आदिवासी मुलांचं शिक्षण उभं केलं. तत्त्व नीट कळलं असेल तर वस्तू आपल्या अंगणात सापडते. घनासाठी मात्र सुतार लागतो.

२८ जून

आजची नोंद सुतारकाकांची.

मी त्यांच्यापुढे आठ ठोकळ्यांची यादी ठेवली होती, प्रत्येकाची तीन मापं. त्यांनी यादी वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, दोनच पट्ट्या लागतील. एक ६ बाय ६ ची, एक ४ बाय ४ ची. पहिलीतून एक तुकडा ६ चा आणि तीन तुकडे ४ चे. दुसरीतून तीन तुकडे ६ चे आणि एक ४ चा. झाले आठ.

मी घरी येऊन ते मांडलं. पहिली पट्टी १८ सेंटिमीटर : अ²(अ + ३ब). दुसरी २२ सेंटिमीटर : ब²(३अ + ब). ३६ गुणिले १८ म्हणजे ६४८, १६ गुणिले २२ म्हणजे ३५२, बेरीज १०००. पुस्तकात विस्तारानंतरचा धडा अवयव पाडण्याचा आहे. काकांनी लाकूड वाया जाऊ नये म्हणून विचार केला आणि चार पदांचे दोन गट पाडून सामाईक अवयव बाहेर काढला. हे मी वर्गात सांगणार आहे, आणि काकांचं नाव घेऊन सांगणार आहे.

पुढे प्रश्न आला करवतीचा. पातं जाड असतं, प्रत्येक कापाला ते लाकूड खातं, म्हणून पट्टी १८ ची घेऊन चालत नाही. सूत्रात कापाला जाडी नसते. काका मापं सुतात बोलतात, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ठोकळा अर्ध्या सुताने जरी मोठा राहिला, तरी शेजारच्याचं अर्धं त्यात मिळून एका बाजूला एक सूत जास्त होतं आणि पेटी मिटत नाही. तेव्हा कापायचं थोडं मोठं, मग रंधा, मग पॉलिश पेपर, प्रत्येक वेळी गुण्या लावून.

५ जुलै

"पावसात लाकूड फुगतला, बाई," असं काकांनी बजावलं होतं. तसंच झालं आहे, आणि ते बघण्यासारखं आहे.

लाकूड रेषांना आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. ६ बाय ६ च्या पट्टीतून आलेल्या तीन चपट्या तुकड्यांत रेषा ४ च्या दिशेने आहेत, म्हणून त्यांचे ६ वाढले, ४ तसेच राहिले. दुसऱ्या पट्टीच्या तीन लांब तुकड्यांत उलट : ४ वाढले, ६ तसेच. टेबलावर घन रचला की एका बाजूला फट दिसते, दुसऱ्या बाजूला कडा बाहेर येते. ठोकळे फिरवून बसवले की फट जागा बदलते.

उपाय काकांचाच : पेटी सगळ्यात शेवटी करायची, ठोकळ्यांच्या मापाने, आणि भर पावसात करायची. आत्ता बसली की वर्षभर बसेल.

१३ जुलै

रंग. माँटेसोरींची पद्धत तशीच ठेवली : अ² ची बाजू लाल, ब² ची निळी, अब ची काळी. मोठा घन सगळा लाल, छोटा सगळा निळा, बाकीच्या सहांना चार-चार काळ्या बाजू. घन रचताना लालला लाल, निळ्याला निळी, काळीला काळी लागते. रंगालाही जाडी असते, म्हणून पातळ हात.

चित्रकलेच्या सरांनी वर वारलीची नक्षी काढून द्यायची तयारी दाखवली. प्रेमाने म्हणाले, तरी नको म्हटलं. कारण सांगितलं ते इथेही लिहिते. जूडी डिलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांना खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली, तिच्यात खेळणं कुठे लपवलं ते दाखवलं आणि खऱ्या खोलीत तसंच खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्यांना नाही. पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. मोठ्या मुलांना आधी त्या प्रतिकृतीशी खेळू दिलं तर त्यांचं शोधणं बिघडलं, आणि लहानांना ती काचेआडून दाखवली तर सुधारलं. वस्तू जितकी स्वतःकडे ओढते तितकं तिच्यापलीकडे बघणं अवघड होतं. सुंदर नक्षीचा ठोकळा मुलं नक्षीसाठी हातात घेतील. आमच्या ठोकळ्यावर जे काही आहे ते सूत्रातलं असायला हवं, एवढाच नियम. सरांना तो पटला, आणि पेटीच्या झाकणावर नक्षी काढायचं ठरलं.

२६ जुलै

वर्गात पहिला दिवस. सूत्राचा शब्दही काढला नाही. ठोकळे दिले आणि पेटीत भरा म्हटलं.

मोठा लाल घन आधी कोपऱ्यात, हे सगळ्या गटांना सुचलं. त्यानंतर बरंच अडलं. जिथे अडलं तिथे मी काही बोलले नाही.

मग फक्त दोन घन पेटीत ठेवायला सांगितले, लाल खाली एका कोपऱ्यात आणि निळा त्याच्यावर. हे अ³ + ब³. भरली का पेटी? उरलेल्या जागेत नाचणी ओतली, पट्टीने सपाट केली, मग ती नाचणी मोजपात्रात काढली. सातशेच्या थोडी वर. वहीत १००० − २१६ − ६४ केलं तर ७२०. एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे आम्ही दरवेळी एवढी नाचणी सोडत होतो?"

दोन घनांनी पेटीचा पाव भागाहून थोडाच जास्त भाग भरतो. हे इतक्या वर्षांत मी फळ्यावर कधी दाखवू शकले नव्हते.

२ ऑगस्ट

मागच्या बाकावरून प्रश्न आला : ६×६×४ चे तिन्ही ठोकळे अगदी सारखे आहेत, मग तीन वेगळे कशाला मोजायचे? हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला, कारण सूत्रातला ३ कुठून येतो याचं उत्तर त्यातच आहे. ठोकळे सारखे, पण पेटीतली त्यांची बैठक वेगळी. एकाची लांबी ४, दुसऱ्याची रुंदी ४, तिसऱ्याची उंची ४. प्रत्येक बैठकीला नाव द्यायचं म्हणून लांबी-रुंदी-उंची या क्रमाने चिठ्ठ्या केल्या : मोठं-मोठं-लहान, मोठं-लहान-मोठं, अशा आठ.

मधल्या सुट्टीत मराठीच्या बाईंनी टेबलावर त्या चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "हे तर आमचे गण."

खरंच गण. मोठ्याला गुरू म्हणा, लहानाला लघू. तिन्ही गुरू तो म, म्हणजे लाल घन. एक लघू, दोन गुरू असे तीन : य, र, त. दोन लघू, एक गुरू असे तीन : ज, भ, स. तिन्ही लघू तो न, म्हणजे निळा घन. एक, तीन, तीन, एक. यमाताराजभानसलगम् म्हणत आपण पिढ्यान् पिढ्या जे आठ गण पाठ केले, ते या पेटीतले आठ ठोकळे आहेत. बाईंनी लगेच वर्गात येऊन भुजंगप्रयात म्हणून दाखवलं. मनाचे श्लोक सगळ्यांच्या तोंडी आहेत, चारही गण य : लघू गुरू गुरू. मुलांनी य च्या बैठकीचा ठोकळा काढला : ४, ६, ६.

या नात्याचा इतिहासही जुना आहे. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर भाष्य करताना दहाव्या शतकात हलायुधाने मेरुप्रस्तार समजावून सांगितला : १, १; १, २, १; १, ३, ३, १; १, ४, ६, ४, १. किती अक्षरांत किती लघू-गुरू किती प्रकारे येतात, हे मोजायची ती मांडणी. कवितेतले लघू-गुरू मोजताना बीजगणिताचे सहगुणक सापडले.

४ ऑगस्ट

आज त्याचा खरा उपयोग झाला. (अ + ब)⁴ काय असेल? लाकडात चौथी दिशा नाही. काका कितीही कसबी असले तरी हा ठोकळा होणार नाही. पण चार अक्षरांचे गण लिहिता येतात. मुलांनी सोळा लिहिले आणि गट पाडले : १, ४, ६, ४, १. मग ६ आणि ४ घालून बघितलं : १२९६, ३४५६, ३४५६, १५३६, २५६. बेरीज १००००. ३४५६ दोनदा का आलं, हे दोन मुली घरी शोधणार आहेत. (४अ³ब आणि ६अ²ब² सारखे व्हायचे तर ४अ = ६ब हवं, आणि आमचे अ-ब योगायोगाने तसेच आहेत. सांगितलेलं नाही.)

ठोकळ्यांनी नाव मिळवून दिलं आणि लाकूड थांबलं तिथून नाव पुढे गेलं. म्हणून नाव आधी देऊन चालत नाही.

अ‍ॅलिशिया बूलची गोष्ट आज वर्गात सांगितली. जॉर्ज बूल या गणितज्ञाची मुलगी, जन्म १८६०. कॉलेजचं शिक्षण नाही. तरुणपणी चार्ल्स हिंटन या घरी येणाऱ्या गृहस्थांनी रंगीत लाकडी घनांचा ढीग आणला, चौथी मिती कल्पनेत बघायची युक्ती म्हणून. तिने ते मनावर घेतलं आणि पुढे चार मितींमधल्या आकृत्यांचे त्रिमितीतले छेद पुठ्ठ्यात करून दाखवले. १९१४ मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तिची आई एव्हरेस्ट घराण्यातली. ज्यांच्या नावाने शिखर आहे ते सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिच्या आईचे काका.

९ ऑगस्ट

(अ − ब)³. मला वाटत होतं इथे ठोकळे बाजूला ठेवावे लागतील. तसं झालं नाही, उलट सगळ्यात चांगला तास हाच झाला.

पेटीची पूर्ण बाजू १० ही आता अ. ब = ४. अ − ब म्हणजे ६, म्हणजे आपला लाल घन, २१६. सूत्र सांगतं : १००० − १२०० + ४८० − ६४. लगेच हात वर आला : हजारातून बाराशे कसे काढायचे?

काढून बघा म्हटलं. १०×१०×४ चा थर म्हणजे ३अ²ब मधला एक अ²ब, घनफळ ४००. त्यात चार ठोकळे येतात : १४४, ९६, ९६, ६४. असे तीन थर काढायचे आहेत. पहिला थर काढला, उजव्या बाजूचा. आता वरचा थर काढायला गेलं तर त्यातले दोन ठोकळे आधीच टेबलावर. समोरच्या थरातले तर तीन गेलेले. पेटीत लाल घन एकटा उरला, म्हणजे उत्तर हाताशी आलं होतं, पण कागदावर बाराशे वजा झाले होते आणि टेबलावर ७८४ च होते.

मग ठोकळ्यांवर खडूने खुणा केल्या, प्रत्येक थरासाठी एक. तीन ठोकळ्यांवर एक खूण, तीनांवर दोन, निळ्या घनावर तीन. ज्यांच्यावर दोन खुणा ते दोनदा वजा झालेत, एकदा परत द्यायला हवेत. १०×४×४ च्या तीन दांड्या परत द्यायच्या, प्रत्येकी १६०, ते ४८०. पण निळा घन तिन्ही दांड्यांत आहे. तीनदा गेला, तीनदा परत आला, म्हणजे अजून पेटीतच. म्हणून शेवटी ६४ वजा. अधिक-उणे चिन्हं आळीपाळीने का येतात ते खडूच्या खुणांत दिसलं.

ठोकळा एकदाच उचलता येतो, या त्याच्या हट्टामुळे हे घडलं. संगणकाच्या पडद्यावरचा ठोकळा दोनदा खुशाल काढता आला असता आणि प्रश्न पडलाच नसता.

१७ ऑगस्ट

सहकाऱ्यांची शंका रास्त आहे : मुलांना ठोकळ्यांची सवय लागली तर परीक्षेत काय करतील? म्हणून काढून घेण्याचाही क्रम ठरवला. आधी डोळे मिटून, फक्त बोटांनी ठोकळा ओळखून त्याचं पद सांगायचं. मग पेटी बंद ठेवून आतल्या थराचं चित्र काढायचं. मग नुसती गणांची यादी. मग सूत्र. आणि मग ज्यांना उलट जायचं असेल त्यांनी सूत्रावरून ठोकळ्यांची यादी लिहायची. या शेवटच्या पायरीवर अडणारी काही मुलं सूत्र बिनचूक लिहितात. त्यांना पेटी परत देते आहे.

वस्तू नेहमी सोप्यापासून अवघडाकडेच नेते असंही नाही. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये वक्र पृष्ठभाग समजावणारी दोऱ्यांची गणिती मॉडेल होती. ती पाहून शिल्पकार हेन्री मूरने १९३० च्या दशकाच्या शेवटी दोऱ्या ताणलेली शिल्पं केली. शिकवण्यासाठी केलेली वस्तू तिथे कलेची झाली. चित्रकलेच्या सरांना हे सांगितलं, तेव्हापासून ते आमचे आठ ठोकळे रोज वेगळे रचून मुलांकडून सावल्यांची रेखाटनं काढून घेत आहेत. ती रेखाटनं मी जपून ठेवणार आहे. मोठं आणि लहान यांचं नातं इतक्या बाजूंनी माझ्या वर्गात कधी बघितलं गेलं नव्हतं.

२४ ऑगस्ट

पुढचा संच : (अ + ब + क)³, मापं ५, ३, २. पुन्हा बेरीज १०, पेटी तीच. ठोकळे २७. तीन घन, प्रत्येकी तीन असे सहा प्रकार मिळून अठरा, आणि ५×३×२ चे सहा. काकांना सांगितलं, ते सहा आधी करा. तिन्ही मापं वेगळी असल्यामुळे एकच ठोकळा सहा तऱ्हांनी बसतो, आणि ६अबक मधला ६ मुलांनी मी सांगायच्या आत काढायला हवा.

या वेळी पट्ट्या किती लागतील, हे आठवीच्या मुलांनीच काढून काकांकडे न्यायचं आहे. गणांचा प्रश्न शिल्लक आहे : आता तीन मापं, लघू-गुरू पुरत नाहीत. मराठीच्या बाईंनी तिसऱ्यासाठी प्लुत, म्हणजे गुरूहूनही लांब उच्चार, सुचवला आहे. सोमवारी वर्गात मांडते.